घरगुती मसाल्यांचा ब्रँड मोबाइलच्या पडद्यावर उभा करताना

पाहुण्याला जेवणातला कांदा-लसूण मसाला आवडला की पूर्वी तो विचारायचा, "कुठून आणला?" यजमान पेठेतल्या दुकानाचा पत्ता सांगायचे आणि विषय संपायचा. आता पाकिटाचा फोटो निघतो आणि व्हॉट्सॲपवरून बहिणीला जातो. ती पुण्यात बसून गुगलवर नाव टाकते, नकाशावर दुकान दिसतंय का बघते, इन्स्टाग्रामवर डोकावते, नंबर सापडला तर "अर्धा किलो मिळेल का?" असा मेसेज टाकते आणि पैसे भरताना क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर कोणाचं नाव येतं ते वाचते. मसाला तिच्या घरात येण्याआधी तुमचा ब्रँड तिला पाच-सहा ठिकाणी भेटलेला असतो. त्या ठिकाणी तीन वेगवेगळी नावं दिसली, तर ती तिथेच थांबते.

गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या काळी ब्रँड म्हणजे चव, पाकीट आणि पुढे दूरदर्शनवरची जाहिरात. तिन्ही गोष्टी करणाऱ्याच्या हातात होत्या. आज पाकीट तुमचं असतं, पण लोक बघतात तो फोटो ग्राहकाने काढलेला असतो. दुकान तुमचं, पण नकाशावरची त्याची वेळ एखाद्या अनोळखी माणसाने सुचवलेली असते. तुमच्या मालाबद्दलचं पहिलं वाक्यही चांदण्या देऊन दुसऱ्याच कोणी लिहिलेलं असतं.

म्हणून मसाले, लोणची, पापड, भाजणी, फराळ करणाऱ्या छोट्या उद्योगाने जाहिरातीवर पैसे घालण्याआधी एक काम उरकावं. नाव, चेहरा आणि नंबर सगळीकडे एकच असला पाहिजे, आणि त्या प्रत्येक जागेची किल्ली स्वतःकडे असली पाहिजे. पुढचं सगळं मार्गदर्शन याच क्रमाने आहे. क्रम उलटा केला की खर्च दुप्पट होतो.

आधी मोजदाद

एक कागद घ्या. दुकानाची पाटी, पाकिटाचं लेबल, बिल, कुरिअरचं लेबल, व्हॉट्सॲप प्रोफाइल, गुगल मॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूपीआयचा क्यूआर, बँक खातं, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) प्रमाणपत्र, जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी अशा सगळ्या ठिकाणी तुमचं नाव, फोन आणि पत्ता आज नेमका कसा लिहिला आहे, ते अक्षर न् अक्षर उतरवा. मनात असलेलं नाव लिहू नका, पडद्यावर दिसतं तेच लिहा.

बहुतेकांच्या कागदावर सारखेच घोळ सापडतात. पाटीवर "गृहउद्योग" असतं, पाकिटावर "फूड्स" आणि इन्स्टाग्रामवर "मसाले". जुना नंबर फेसबुकवर तसाच असतो. क्यूआर स्कॅन केल्यावर नवऱ्याचं किंवा मुलाचं नाव येतं. पिनकोड एका ठिकाणी चुकलेला असतो. हा कागद जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागेल.

नाव: इथेच सर्वाधिक वेळ घालवा

"अस्सल कोल्हापुरी मसाला" हे नाव कानाला छान वाटतं, पण ते तुमच्या मालकीचं कधीच होणार नाही. मालाचं किंवा गावाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली हरकत येते. गुगलवर शोधलं तर अशा नावाचे शेकडो निकाल येतात आणि त्यात तुम्ही कुठेच दिसत नाही. माऊली, साई, समर्थ, अन्नपूर्णा यांचीही तीच गत आहे. श्रद्धेने नाव ठेवायचं असेल तर त्याला स्वतःचा असा दुसरा शब्द जोडा.

नावात "शुद्ध", "नैसर्गिक", "पारंपरिक", "अस्सल" अशी विशेषणं घेताना आणखी एक अट आडवी येते. एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात आणि दावे नियमांनुसार असे शब्द मनाला येतील तसे वापरता येत नाहीत. ते ब्रँडच्या नावातच असतील आणि ग्राहकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर "हे केवळ ब्रँडचं नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दर्शवत नाही" अशा आशयाचा खुलासा लेबलवर किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत छापावा लागतो. स्वतःच्या पाकिटावर स्वतःच्याच नावाविरुद्ध खुलासा छापण्यापेक्षा नाव बदललेलं बरं. वायगाव हळद, भिवापूर मिरची, सांगलीची हळद या नावांना भौगोलिक मानांकन आहे. माल खरोखर तिथला नसेल तर ही नावं ब्रँडमध्येही नकोत आणि इन्स्टाग्रामच्या हॅशटॅगमध्येही नकोत.

चार-पाच नावं हाताशी आली की एकाच दिवसात पुढची तपासणी करा.

पहिली तपासणी ट्रेडमार्कची. केंद्र सरकारच्या आयपी इंडिया संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनाशुल्क आहे. तिथे वर्ग निवडावा लागतो. मसाले, पिठं, पापड, धान्याचा फराळ वर्ग ३० मध्ये येतात. लोणची, सुकवलेल्या भाज्या, बटाट्याचे वेफर्स वर्ग २९ मध्ये. दोन्ही वर्गांत शोधा. अक्षरशः जुळणारं नाव शोधून थांबू नका, उच्चारावरून शोधण्याचा पर्यायही वापरा. "चैतन्य" आणि "चेतना" कार्यालयाला सारखी वाटू शकतात.

दुसरी तपासणी रोमन स्पेलिंगची. मराठी नावांची खरी गळती इथे होते. 'व' साठी व्ही की डब्ल्यू, 'आ' साठी एक ए की दोन, 'ळ' साठी एल, 'ज्ञ' साठी डीएनवाय की जीवाय, हे प्रत्येकजण आपल्या मनाने ठरवतो. नाव ऐकलेल्या दहा जणांना ते मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करायला सांगा. सात-आठ जणांनी एकच स्पेलिंग लिहिलं तर नाव चालेल. चार-पाच प्रकार निघाले तर तोंडी प्रसिद्धीतून येणारा ग्राहक वाटेत हरवेल. एकदा ठरलेलं स्पेलिंग कागदावर लिहून सगळ्यांना द्या, छापखान्यालासुद्धा.

तिसरी तपासणी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब यांवरची खातेनावं आणि संकेतस्थळाचा पत्ता. हवं ते नाव मोकळं असेल तर त्याच दिवशी घ्या. डॉट इन किंवा डॉट कॉम यांपैकी एक पत्ता पुरतो. देवनागरीतला डॉट भारत हा पत्ता २०१४ पासून मिळतो. तो घेऊन मुख्य संकेतस्थळाकडे वळवून ठेवणं चांगलं, पण ईमेलसाठी त्यावर विसंबू नका, कारण अनेक फॉर्म आणि प्रणाली देवनागरी पत्ता अजून स्वीकारत नाहीत.

नाव पक्कं झालं की ट्रेडमार्कचा अर्ज. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये सरकारी शुल्क आहे, इतरांना ९,०००. भागीदारी किंवा कंपनी असेल तर सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र जोडा. अर्ज शब्दाचा करावा की लोगोचा? पैसे एकाचेच असतील तर शब्दाचा. लोगोची नोंदणी त्या चित्राभोवती फिरते. पुढे लोगो बदलला की तिचा आधार कमी होतो. नाव देवनागरीत देत असाल तर त्याचं लिप्यंतर आणि अर्थही अर्जात द्यावा लागतो.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक म्हणजे अर्जावर वकिलाचा किंवा एजंटाचाच ईमेल असतो. ट्रेडमार्क कार्यालयाचा परीक्षण अहवाल तिकडे जातो, उत्तराची ३० दिवसांची मुदत उलटते आणि अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो. आपला ईमेल घाला आणि महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती स्वतः पाहा. दुसरी म्हणजे अर्ज झाल्याबरोबर पाकिटावर वर्तुळातला 'आर' छापला जातो. नोंदणी होईपर्यंत फक्त 'टीएम' लिहिता येतं. नोंदणीआधी 'आर' छापणं बेकायदा आहे. ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी झाल्यावर चार महिने हरकतींसाठी असतात आणि नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण. ही नोंदणी भारतापुरती असते. दिवाळीचा फराळ अमेरिकेत किंवा आखातात नियमित पाठवायचा विचार असेल तर तिथलं नाव वेगळं सांभाळावं लागतं.

चेहरा: एक सेंटिमीटरची कसोटी

दहा फुटी फ्लेक्सवर सुंदर दिसणारा लोगो ग्राहकाला प्रत्यक्षात दिसतो तो व्हॉट्सॲपच्या यादीत, जेमतेम एक सेंटिमीटरच्या वर्तुळात. कमळ, कलश, मिरची, खलबत्ता, त्याखाली नाव आणि त्याखाली "स्थापना" असा सगळा संसार तिथे नुसता डाग दिसतो. म्हणून डिझायनरकडून दोन रूपं घ्या. एक पूर्ण नावाचं, पाटी आणि पाकिटासाठी. दुसरं एकाच अक्षराचं किंवा एकाच आकाराचं, गोल चौकटीसाठी. देवनागरीत लहान आकारात मात्रा आणि अनुस्वार आधी नाहीसे होतात आणि जोडाक्षरांची पोटं भरून येतात. 'क्ष' किंवा 'ज्ञ' एकटं घेण्यापेक्षा 'म', 'क', 'ग' ही अक्षरं तग धरतात.

अक्षरांच्या वळणाकडे मराठी डोळ्याने पाहा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये मूळ रूप हिंदी पद्धतीचं असतं. मराठीचा पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' हवा असेल तर फॉन्टमध्ये ती रूपं आहेत का ते विचारा. संकेतस्थळाच्या पानाची भाषा कोडमध्ये "मराठी" अशी नोंदवली की ही रूपं असलेला फॉन्ट ती आपोआप दाखवतो. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य नीट उमटतो का, हेही तपासा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि व्यवसायासाठीही वापरता येतात. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये केलेला मजकूर मोबाइलवर उघडला की गिचमिड होतो आणि गुगलला वाचता येत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटत असतील तर टाइपच्या पसंतीत "वर्ल्ड-रेडी" मांडणी चालू करा, बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. एआयने काढलेल्या चित्रातली देवनागरी अक्षरं तर मात्रा न् मात्रा तपासल्याशिवाय छापायला देऊच नका.

डिझायनरला पैसे चुकते करण्याआधी हे हातात घ्या:

- लोगोची व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फुटणारी), एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही, अक्षरं आकारांत बदललेली
- पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, किमान १०८० पिक्सेल रुंद
- एकरंगी काळी आणि पूर्ण पांढरी आवृत्ती, शिक्क्यासाठी आणि गडद पाकिटासाठी
- रंगांचे आकडे, पडद्यासाठी हेक्स आणि छपाईसाठी सीएमवायके
- वापरलेल्या फॉन्टचं नाव आणि परवाना
- लोगोचे सर्व हक्क तुम्हाला दिल्याचं दोन ओळींचं सहीनिशी पत्र

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. मोबाइलवरचा झगझगीत मिरची-लाल किंवा पोपटी छपाईत मंद होतो, तो शाईचा दोष नव्हे. म्हणून सीएमवायकेत जमणाराच लाल निवडा आणि तोच पडद्यावर वापरा. पारदर्शक पाउचवर छापत असाल तर रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर मागा. तो नसेल तर आतल्या मसाल्याचा रंग वर येतो आणि प्रत्येक बॅचचं पाकीट वेगळं दिसतं.

पाटीचाही विचार इथेच करा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपींपेक्षा लहान चालत नाहीत. लोगोचं मूळ रूपच देवनागरीत असेल तर पाटी, पाकीट आणि प्रोफाइल आपोआप एकसारखी होतात.

पाकीट आता फोटोसाठीही असतं

पाकिटाचा दर्शनी भाग मोबाइलवर अंगठ्याएवढा दिसतो. त्यात तीनच गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: ब्रँड, मालाचं नाव आणि वजन. बाकी सगळं मागे. पण मागच्या बाजूत काटछाट नको. घटक, पोषणमूल्यं, हिरवा शाकाहारी ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत आणि प्रति ग्रॅम किंवा किलो पडणारा दर, उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक. ऑनलाइन विकताना यातली बहुतेक माहिती मालाच्या पानावरही द्यावी लागते, म्हणून मागच्या लेबलचा वाचता येईल असा फोटो कॅटलॉगमध्ये ठेवा. चौकस ग्राहक तोच आधी उघडतो.

छापील पाउचच्या रोलला प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर बनतो. स्पेलिंग किंवा नंबर चुकला तर सिलिंडरचा खर्च पुन्हा. नवीन ब्रँडने पहिलं वर्षभर कोऱ्या पाउचवर डिजिटल छपाईचं लेबल चिकटवावं. पाचशे लेबलं छापून ग्राहकांचं म्हणणं ऐकता येतं आणि पुढच्या खेपेला मजकूर बदलता येतो.

क्यूआर छापायचा असेल तर त्याचे नियम काटेकोर आहेत. आकार किमान २ बाय २ सेंटिमीटर. चारही बाजूंना क्यूआरमधल्या चार बारीक चौकोनांएवढी मोकळी जागा. गडद कोड फिकट पार्श्वभूमीवर, उलटा नाही. चकचकीत पाउचवर किंवा बरणीच्या गोलाईवर नीट स्कॅन होत नाही, म्हणून सपाट आणि मॅट भागावर छापा. त्रुटी-दुरुस्तीची पातळी 'क्यू' म्हणजे २५ टक्के ठेवली तर थोडं घासलं, तेलाचा डाग पडला तरी चालतं. दुकानाच्या भिंतीवर लावायचा असेल तर जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या दहाव्या भागाएवढा मोठा हवा, म्हणजे एक मीटरवरून दहा सेंटिमीटर.

सर्वात महागडी चूक वेगळीच आहे. फुकटच्या क्यूआर संकेतस्थळावरून बनवलेला कोड बहुतेकदा त्यांच्या पत्त्यावरून फिरून तुमच्या पानावर येतो. चाचणीची मुदत संपली की तो बंद, आणि बाजारात गेलेली हजारो पाकिटं मुकी. कोडमध्ये नेहमी स्वतःच्या संकेतस्थळाचा छोटा पत्ता घाला. तो पत्ता आज व्हॉट्सॲपकडे, उद्या दुकानाच्या पानाकडे तुम्हाला हवा तसा वळवता येतो. पत्ता छोटा असला की कोडही मोकळा आणि लवकर वाचला जाणारा होतो.

नकाशावरची जागा

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि छोट्या दुकानासाठी संकेतस्थळापेक्षा जास्त कामाचं आहे. नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेच नाव लिहा. "बेस्ट घरगुती मसाले सातारा" असं शेपूट जोडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवताना पाटीचे फोटो, शॉप ॲक्टचा दाखला, वीजबिल असं सगळं जमवावं लागतं. मुख्य वर्गवारी एकच निवडता येते, ती नीट निवडा. घरातूनच व्यवसाय असेल आणि ग्राहक तिथे येत नसतील तर पत्ता लपवून सेवा देण्याचे भाग नोंदवा, जास्तीत जास्त वीस.

पडताळणी आता बहुतेकदा व्हिडिओने होते. तुकडे न जोडता एकसलग किमान ३० सेकंदांचा व्हिडिओ काढा: आधी रस्ता आणि शेजारची ओळखीची खूण, मग पाटी, मग कुलूप किंवा गल्ला उघडताना, शेवटी आतला माल आणि परवाना. पाटी नसेल तर नावाचे खोके आणि लेबलं दाखवा. इथे नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे व्हिडिओत दिसणारं नाव आणि प्रोफाइलवरचं नाव वेगळं असणं. मोजदादीचा कागद म्हणूनच आधी केला.

वेळ हा ब्रँडचाच भाग आहे. गणपती, दिवाळी, पाडव्याला विशेष वेळा आधीच भरा. "उघडं" दिसलं म्हणून दूरवरून आलेल्या ग्राहकाला कुलूप दिसलं, तर तो मसाल्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल लिहितो. लोकांनी सुचवलेले बदल गुगल कधीकधी परस्पर लावतं, म्हणून आठवड्यातून एकदा स्वतःचं प्रोफाइल परक्याच्या फोनवरून पाहा.

व्हॉट्सॲप आणि यूपीआय

व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये आलं. त्यासाठी वेगळं सिम घ्या. दुकानाचा लँडलाइन नंबरही चालतो, पडताळणीचा कोड फोन कॉलवर येतो. कॅटलॉगमध्ये प्रत्येक माल वजनानुसार वेगळा टाका: पाव किलो, अर्धा किलो, किलो. किंमत लिहा. "किंमतीसाठी मेसेज करा" लिहिलं की बरेच लोक मेसेज करत नाहीत. ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकांना पाठवण्याच्या) एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच तो पोचतो, म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये "हा नंबर या नावाने सेव्ह करा" अशी चिठ्ठी घाला. विकत घेतलेल्या नंबरांच्या यादीवर मेसेज पाठवले तर तक्रारी होऊन नंबरच बंद होतो, आणि त्या नंबरावरची सगळी ओळख एका रात्रीत जाते.

यूपीआयकडे ब्रँडचा भाग म्हणून फारसं कोणी बघत नाही, आणि आमच्या मते सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त विश्वास इथेच मिळतो. पैसे भरताना पडद्यावर बँकेत नोंदलेलं नाव येतं. फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणारा ग्राहक तिथे अनोळखी नाव दिसलं की हात आखडतो. उद्योगाच्या नावाने चालू खातं काढा. उद्यम, शॉप ॲक्ट, जीएसटी, एफएसएसएआय यांपैकी दोन कागद बहुतेक बँकांना पुरतात. मग त्या खात्यावर व्यापारी क्यूआर घ्या. ते होईपर्यंत व्हॉट्सॲपच्या ठरावीक उत्तरात स्पष्ट लिहा: "पैसे भरताना अमुक नाव दिसेल, त्या आमच्या मालक आहेत."

फोटो, रील आणि दुसऱ्याच्या तोंडून जाहिरात

प्रत्येक मालाचे तीन फोटो पुरतात: पाकीट समोरून, लेबल मागून, आणि मसाला वाटीत चमच्यासह, म्हणजे पोत आणि रंग कळतो. खिडकीच्या उजेडात, फिल्टरशिवाय. फोटोतला लाल आणि पाकिटातला लाल वेगळा निघाला की "रंग घातलाय" किंवा "जुना माल" असे अभिप्राय येतात. मिरचीचा रंग उजेडाने आणि हवेने उतरतो, म्हणून पारदर्शक पाउच दुकानात उन्हाच्या बाजूला ठेवलं तर दोन महिन्यांत फोटो खोटा ठरतो. अशा वेळी नवा फोटो काढू नका, पाउच बदला.

भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात रील्स आल्या. मसाल्याच्या उद्योगाकडे दाखवण्यासारखं भरपूर आहे: मिरच्या उन्हात वाळवणं, खोबरं भाजणं, डंकावर कांडप, चाळणी. उभा व्हिडिओ, १०८० बाय १९२०. वरची आणि खालची पट्टी बटणांखाली जाते, मजकूर मधल्या भागात ठेवा. आवाज बंद ठेवून पाहणारे खूप असतात, म्हणून मराठी अक्षरं पडद्यावर हवीत. सिनेमातलं गाणं लावू नका. व्यावसायिक वापराचा परवाना नसेल तर आवाज काढला जातो. डंकाचा आवाज त्याहून चांगला आहे.

पाककृती करणाऱ्या कोणाला मसाला फुकट पाठवला आणि त्यांनी दाखवला, तर तीही जाहिरातच. ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तसं स्पष्ट लिहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत. "मधुमेह बरा करणारी हळद" असली वाक्यं तुम्हीही लिहू नका, त्यांनाही बोलू देऊ नका.

अभिप्राय आणि बॅच क्रमांक

पाच चांदण्या विकत घेऊ नका, सवलतीच्या बदल्यात मागूही नका. गुगलच्या नियमांत ते बसत नाही, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. माल मिळाल्यावर आठवड्याने, म्हणजे भाजी-आमटीत वापरून झाल्यावर, सगळ्यांना सारखाच दुवा पाठवा. खूश दिसणाऱ्यांनाच पाठवणंही नियमबाह्य आहे.

वाईट अभिप्रायाला चोवीस तासांत उत्तर द्या, वाद घालू नका, फोन नंबर उघडपणे मागू नका. असं लिहिता येईल: "मसाला खवट लागला हे वाचून वाईट वाटलं. पाकिटाच्या मागचा बॅच क्रमांक आम्हाला व्हॉट्सॲपवर कळवाल का? त्या बॅचचा नमुना आमच्याकडे राखून ठेवलेला आहे, आजच तपासतो आणि पाकीट बदलून देतो." हे वाक्य खरं ठरण्यासाठी प्रत्येक बॅचचं एक पाकीट खरोखर बाजूला ठेवावं लागतं. तक्रारींवरून कारण कळतं: खवटपणा बहुधा सुक्या खोबऱ्याचा, कडवटपणा करपलेल्या लसणाचा किंवा मेथ्यांचा, गुठळ्या भाजल्यावर पूर्ण गार न होता भरलेल्या मसाल्याच्या. एकाच बॅचच्या तीन तक्रारी आल्या तर ती बॅच परत बोलवा आणि तसं स्वतःच्या पानावर लिहा.

यशाचे आकडे मोजायचे तर फॉलोअर सोडून द्या. गुगल प्रोफाइलच्या अहवालात लोक तुमचं नाव टाकून शोधतात की "मसाले" टाकून, ते दिसतं. नावाने शोधणारे वाढत असतील तर ब्रँड होतो आहे. दुसरा आकडा म्हणजे तीन महिन्यांत पुन्हा मागवणारे किती. तो वहीत मांडता येतो.

किल्ल्या कोणाकडे

संकेतस्थळाचा पत्ता भाच्याच्या नावावर, इन्स्टाग्राम एजन्सीच्या ईमेलवर, गुगल प्रोफाइल जुन्या कामगाराच्या फोनवर, ही घराघरांतली स्थिती आहे. भांडण किंवा नोकरी सुटणं एवढ्याने ब्रँड हातून जातो. उद्योगासाठी एक स्वतंत्र ईमेल काढा आणि सगळी खाती त्यावर आणा. दुहेरी पडताळणी चालू करून आपत्कालीन कोड कागदावर छापून कपाटात ठेवा. एजन्सीला पासवर्ड देऊ नका, "व्यवस्थापक" म्हणून प्रवेश द्या, मालक तुम्हीच राहा. संकेतस्थळाच्या पत्त्याचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा आणि ज्या कार्डावरून ते होतं त्याची मुदत लिहून ठेवा. बचत गटांनी अध्यक्षांच्या वैयक्तिक ईमेलवर काही काढू नये. पदाधिकारी बदलतात, म्हणून ईमेल गटाचा आणि सिमही गटाचं. दर वर्षी पदभार सोपवताना पासवर्ड बदलून तशी नोंद इतिवृत्तात करावी.

तुमच्या नावाने दुसरं कोणी विकत असेल तर

महिन्यातून एकदा स्वतःचं नाव दोन्ही लिप्यांत गुगल, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि विक्रीच्या संकेतस्थळांवर शोधा. दिवाळीच्या आधी दर आठवड्याला शोधा, कारण फराळाच्या मोसमात तुमचेच फोटो चोरून आगाऊ पैसे उकळणारी पानं निघतात. असं पान सापडलं की आधी तक्रार नाही, आधी पुरावा: पानाचा पूर्ण पत्ता, तारीख आणि त्यांचा क्यूआर किंवा नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. तक्रार केल्यावर पान गायब झालं तर हातात काहीच राहत नाही. मग त्या-त्या मंचाच्या तक्रार फॉर्ममध्ये तोतया खात्याची तक्रार करा आणि ट्रेडमार्क प्रमाणपत्र असेल तर व्यापारचिन्हाच्या उल्लंघनाच्या फॉर्ममध्ये वेगळी. दुसऱ्या फॉर्मला सहसा लवकर दाद मिळते. ग्राहकांचे पैसे गेले असतील तर त्यांना लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायला सांगा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळवलं तर ते रोखले जाण्याची शक्यता जास्त असते. त्याच दिवशी स्वतःच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर, इन्स्टाग्रामच्या सर्वांत वरच्या पोस्टमध्ये आणि गुगल प्रोफाइलवर तुमचा खरा नंबर, खरं खातेनाव आणि पैसे भरताना दिसणारं नाव एकत्र लिहून टाका.